बोरन्हाणाला आणलेली भांडी

आमच्या गावात, खटाव तालुक्यात, बोरन्हाणाचं कौतुक नव्हतं. संक्रांतीच्या सुमारास बांधावरची बोरं आम्ही खायचो. ती पोराच्या डोक्यावर ओततात हे मला साताऱ्यात नोकरीला लागल्यावर कळलं. माझ्या धाकट्या भावाने ही पद्धत सांगलीत फ्लॅट घेतल्यावर उचलली. तो कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. फ्लॅट, सोफा, काचेची शोकेस आणि बोरन्हाण या गोष्टी त्याच्या घरात साधारण एकदमच आल्या.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी आणि दुसरा तो. जिल्हा परिषदेच्या शाळेने आम्हाला वाचायला शिकवलं, आई-वडिलांनी शेतात राबून पुढचं शिक्षण दिलं. हे मी विसरत नाही. म्हणून पुढे जे लिहिते आहे ती आईबद्दलची तक्रार समजू नये. तक्रार खेळण्यांबद्दल आहे, आणि ती विकत घेणाऱ्या शहाण्यांबद्दल.

भाच्याला दोन वर्षं होऊन गेली होती. बोरन्हाणाला आत्या म्हणून काहीतरी न्यायला हवं, म्हणून मी साताऱ्यातल्या खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी एक कुत्रा दाखवला. कळ दाबली की तो भुंकायचा, शेपूट हलवायचा आणि स्वतःभोवती फिरायचा. मी विचारलं, यात पोराने काय करायचं? तो म्हणाला, बघायचं. मग त्याने एक पाटी काढली. तिच्यावरच्या चित्राला बोट लावलं की आतली बाई नाकातून इंग्रजी बोले. ही पाटी शैक्षणिक आहे असं त्याने मला आदराने सांगितलं. नंतर स्वयंपाकाचा संच आला. गुलाबी गॅस, त्यावर लाल दिवा लुकलुकणारा, आणि तव्याला कायमची चिकटवलेली प्लास्टिकची भाकरी. ती तव्यावरून निघतच नव्हती. जी भाकरी उलटता येत नाही ती करून पोर काय शिकणार, देव जाणे.

माझं म्हणणं साधं होतं. दोन वर्षांच्या पोराला मोठ्यांसारखं काम करायचं असतं. त्याला पाणी ओतायचं असतं, डब्याचं झाकण उघडून परत लावायचं असतं, कणीक चिवडायची असते. ते खेळणं मागत नसतं, आपल्या हातातली वस्तू मागत असतं. आपण ती काढून घेतो आणि तिच्या जागी भुंकणारा कुत्रा देतो. मग पोर कुत्र्याकडे दोन दिवस बघतं आणि पुन्हा आपल्या हातातल्या वस्तूकडे वळतं, तेव्हा आपण म्हणतो, किती हट्टी आहे.

मी तिथून उठले आणि भांड्यांच्या दुकानात गेले. स्टीलचं एक लहानसं चोचीचं भांडं घेतलं, दुधाचं असतं तसं, कान मोठा, पोराची चारही बोटं आत जातील असा. दोन बुटके, बुडाला जड पेले घेतले. एक डबा घेतला, त्याचं झाकण ना घट्ट ना ढिलं. प्रत्येक वस्तूच्या काठावरून बोट फिरवलं, कुठे धार नाही हे पाहिलं. सुटून तोंडात जाईल असा एकही बारीक भाग नको होता. लाकडी सामानवाल्याकडे बिनरंगाचा छोटा पोळपाट आणि आखूड लाटणं मिळालं. ते चाटलं तरी पोटात रंग जाणार नव्हता, आणि ते पोर चाटणार हे मला ठाऊक होतं. आईच्या एका जुन्या सुती लुगड्याची चार फडकी कापली आणि कडा शिवल्या. सांडल्यावर पुसायला.

सांगलीत पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. भावाच्या कारखान्यातल्या मित्रांच्या बायका, शेजारच्या काकू, त्यांची नातवंडं. पोर काळ्या झबल्यात आणि हलव्याच्या दागिन्यांत पाटावर बसलं होतं, मुकुट डोळ्यांवर आलेला, रडवेलं. आई महिनाभरापासून सांगलीतच होती, नातवाला सांभाळायला. तिने औक्षण केलं आणि मग चुरमुरे, बोरं, हरभरे, उसाचे करवे, वरून कागदात गुंडाळलेल्या गोळ्या, असं सगळं त्याच्या डोक्यावर ओतलं गेलं. शेजारचं सव्वा वर्षाचं बाळ रांगत आलं आणि त्याने बी असलेलं आख्खं बोर तोंडात घातलं. मी त्याच्या गालात बोट घालून ते काढलं, तर त्याची आई म्हणाली, असू द्या हो, सणाचं आहे. कॅमेऱ्याकडे बघण्यातून तिला सवड नव्हती.

मग भेटवस्तू. बॅटरीवर चालणारी बसायची मोटार आली. तीच ती नाकातून बोलणारी पाटी आली. गुलाबी गॅसही आला, तव्याला भाकरी चिकटवलेला. मी माझी पिशवी उघडली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "आत्याबाईंनी संसारच आणलाय की. आता नवरी तेवढी बघायची राहिली." सगळ्या हसल्या. एकीने विचारलं, लाटणं मुलाला आहे की मुलाच्या आईला? पुन्हा हसल्या. यांतल्या निम्म्या बायकांचे नवरे परगावी बदलीला गेले की मेसचा डबा खाऊन पोट बिघडवून येतात.

भावाने मला स्वयंपाकघरात नेलं. त्याला माझी लाज वाटत होती आणि ती वाटते याचीही लाज वाटत होती. म्हणाला, ताई, लोकांसमोर भांडी कशाला काढलीस, मला सांगितलं असतंस तर मीच तुझ्या नावाने काहीतरी आणून ठेवलं असतं. आई तिथेच होती. ती माझ्याकडे न बघता लाटणं हातात फिरवत म्हणाली, "पोराच्या जातीला लाटणं आणलंस. आगं, आमी राबलो तेवढं बास झालं. ह्यानं कशापायी हात घाण करायचं? त्यासाठीच शिकवलं व्हय तुमाला?"

ती खरं बोलत होती. तिने आम्हाला शिकवलं ते हात घाण होऊ नयेत म्हणूनच. पण चालायला लागल्यावर माझ्या हातात तांब्या देणारी तीच. वडील शेतात असले की मी अर्धा तांब्या पाणी नेत असे, पोचेपर्यंत त्यातला अर्धा सांडत असे, आणि वडील उरलेला घोट असा पीत की जणू त्यांना तेवढीच तहान होती. पुढे कॉलेजात प्रयोगशाळेत परीक्षानळी धरायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्यासारख्या घरांत हे होतं. कष्टातून वर येताना आपण कष्टाबरोबर हातही मागे टाकून येतो, आणि मग पोरांना खुर्चीत बांधून भरवतो आणि त्याला सुख म्हणतो.

मोटार खोक्यासकट शोकेसशेजारी उभी राहिली आणि पाटी शोकेसमध्ये गेली. मोडतील म्हणून पोराला द्यायची नव्हती. पाहुणा आला की काच सरकवायची, पाटी एकदा बोलवायची आणि परत ठेवायची. माझी भांडी स्वयंपाकघरात राहिली.

एप्रिलमध्ये मी रजा घेऊन सांगलीला गेले तेव्हा भावजयीने दारातच सगळं सांगितलं. ती मिरजेतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. बाळंतपणानंतर तिने बिनपगारी रजा वाढवत वाढवत इथवर आणली होती. आता लॅबने कळवलं होतं की जूनच्या मध्यापासून या, नाहीतर दुसरी मुलगी घेतो. आईला मृगाच्या आधी गावी जायचं होतं, वडील तिकडे म्हशींबरोबर एकटेच. म्हणजे पोराला प्लेग्रुपमध्ये घालायला हवं. घराजवळ एक बरा होता, पण तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की आपल्या हाताने खाणारं आणि पाणी पिणारं मूलच घेते, भरवायला माझ्याकडे माणसं नाहीत. मे महिन्याच्या शेवटी तासभर आणून बसवा, मग ठरवू.

"आणि हा?" मी विचारलं.

"बघा तुम्हीच," ती म्हणाली.

दुपारी मी बघितलं. पोराला उंच खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, समोर मोबाईल उभा केला. त्यात एक निळा ससा नाचत होता. आई वरणभाताचा घास करून गालाला लावायची, तोंड उघडायचं, घास आत जायचा. पोराने ताटाकडे एकदाही बघितलं नाही. काय खाल्लं हे त्याला सांगता आलं नसतं. मध्येच मोबाईलची बॅटरी संपली, तेव्हा ते तोंड उघडं ठेवून तसंच बसलं, जणू त्याचीही संपली. दोन हात मांडीवर पडलेले, स्वच्छ, मऊ, काहीच न करणारे. आमच्या म्हशीचं रेडकू त्याहून जास्त स्वतः खातं.

मी चोचीचं भांडं कुठे आहे विचारलं. ते तेलाचं झालं होतं. आई त्यातून फोडणीला तेल ओतायची, बेस्ट हाय, सांडत न्हाई, असं ती मला म्हणाली. पेल्यांत देवाची फुलवात आणि काड्यापेटी. लाटण्याने भाऊ नळाची तोटी ठोकायचा. पोळपाट कुंडीखाली. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माझ्या भेटीचा उपयोग झाला होता, ज्याच्यासाठी आणली होती तो सोडून.

मी भाषण द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात भावजय उठली. तिने भांड्यातलं तेल बरणीत ओतलं, भांडं गरम पाण्याने आणि साबणाने घासलं, पेले घासले, कुंडीखालचा पोळपाट काढून उन्हात ठेवला. नोकरी तिची जाणार होती, माझी नाही. आईने बघितलं आणि ती बाल्कनीत जाऊन बसली.

त्यांच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं आणि थोडाच वेळ येतं. त्या वेळात घरातलं प्रत्येक माणूस बादली आणि पिंप यांच्यामध्ये पळत असतं आणि पोराला मोबाईल देऊन कोपऱ्यात बसवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला मोरीच्या दारात बसवलं. भरलेल्या बादल्यांवर झाकणं घालायला लावली, कारण एवढ्या पोराला बुडायला बादलीही पुरते. भांड्यात दोन घोट पाणी घातलं, समोर पेला ठेवला, आणि मी त्याच्याजवळच पाटावर बसले. त्याने भांडं उलटं केलं. पाणी सगळं पायावर. मी फडकं दिलं. त्याने ते डोक्यावर घेतलं.

आई बाल्कनीतून म्हणाली, "सर्दी हुईल त्याला. मग तूच बस नाक पुसत."

सर्दी झाली नाही. चौथ्या-पाचव्या सकाळी पाणी पेल्यात पडायला लागलं. पेला भरून वाहिला की तो थांबत नसे, कारण वाहणं हेच त्याला मजेचं वाटे. मग पेल्याच्या काठाखाली मी बोट ठेवलं आणि इथवर, म्हटलं. हे इथवर त्याने फार गंभीरपणे घेतलं. घरात कुणी चहा ओतायला लागलं तरी येऊन कपाला बोट लावायला बघायचा. गरम आहे हे तेव्हाच शिकवलं, गॅसपासून लांब उभं राहूनच. दुपारी कणकेचा गोळा. पोळपाट जमिनीवर, तवा ओट्यावर मागच्या शेगडीला, मध्ये मी. त्याने लाटलेलं काहीतरी सांगली जिल्ह्याच्या नकाशासारखं दिसायचं. भावजय ते भाजायची, आणि पोर ते स्वतःच्या हाताने खायचं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मोबाईल सोफ्यावर पडून होता आणि ससा एकटाच नाचत होता.

रजा संपल्यावर मी साताऱ्याला परतले. भावजय रोज सकाळी तेच करत राहिली. भाऊ मात्र अजून कुंपणावर होता. रविवारी काही मित्र आले, त्याने काच सरकवली आणि ती शैक्षणिक पाटी काढली. पाटी बोलली नाही. त्याने ती हलवली, आपटली, तेव्हा मागचं झाकण उडालं आणि चपटी, गोळीएवढी बॅटरी फरशीवर घरंगळत पोराच्या पायापाशी गेली. पोराने ती उचलून तोंडाजवळ नेली. भावानेच झेप घेऊन हातातून काढली. ती गिळली असती तर घसा आतून जळाला असता हे त्याला कारखान्यातला असल्यामुळे चांगलं कळत होतं. त्याने मला फोन केला, पण पाटीचं बोलला नाही. तुझ्या त्या डब्याचं झाकण त्याला आता लावता येतं, एवढंच सांगून फोन ठेवला. पाटीचं भावजयीकडून कळलं. बोथट काठाच्या पेल्याला जे लोक हसले होते त्यांच्यापैकीच कुणीतरी ती आणली होती. तिच्यावर मात्र कुणी हसलं नव्हतं, कारण ती इंग्रजी बोलत होती.

मेच्या शेवटी मी पुन्हा गेले. प्लेग्रुपच्या बाईंकडे आम्ही तिघी गेलो, मी, भावजय आणि आई. आईला यायचं नव्हतं, पण नातवाला परकी बाई काय करते ते बघायला ती आली. बाईंनी सात-आठ पोरांना सतरंजीवर बसवलं आणि डबे उघडा म्हणाल्या. चार पोरं डबा धरून आपापल्या आईकडे बघत बसली. एक मुलगी शांतपणे वाट बघत होती की कुणीतरी मोबाईल लावेल. आमच्या पोराने झाकण उघडलं, पोळीचा तुकडा खाल्ला, आणि मग मध्ये ठेवलेल्या जगमधून पेल्यात पाणी ओतायला गेलं. जग मोठा होता, त्याच्या सवयीचा नव्हता. पाणी अर्ध्या सतरंजीवर सांडलं.

भावजयीने डोळे मिटले. तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि ती ते दाबत होती. आई पुटपुटली, झालं.

पोराने इकडेतिकडे बघितलं. मग ते उठून आपल्या पिशवीपाशी गेलं, डब्याखाली घडी घालून ठेवलेलं लुगड्याचं फडकं काढलं, परत येऊन सतरंजीवर बसलं आणि पुसायला लागलं. पुसताना ओलं जास्त पसरत होतं. शेजारच्या पोराच्या पायावरचं पाणीही त्याने पुसलं, त्या पोराला ते आवडलं नाही. बाईंनी हाताखालच्या मुलीला जग आत न्यायला सांगितलं आणि त्याच्याएवढं एक भांडं आणायला लावलं. निघताना भावजयीला म्हणाल्या, पंधरा जूनला पाठवा.

परतीच्या वाटेवर पोर आईच्या कडेवर होतं. घराच्या जिन्यावर ती थांबली आणि म्हणाली, "माझ्या लुगड्याचं व्हतं त्ये फडकं." मी होय म्हणाले. ती म्हणाली, "चांगल्या लुगड्याचं फाडलंस." त्यापुढे या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. मात्र संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या तेव्हा तिने पोराला हाक मारून, आजीला पाणी दे बघू, असं सांगितलं. पोराने आणून दिलं. काकूंनी तोंडात बोट घातलं. आई पदर सावरत म्हणाली, "आमच्यात लहानपणापास्नं सवय लावत्यात." मला हसू आलं ते मी गिळलं. काकूंनी हे भांडं कुठे मिळतं ते मला विचारलं, ऑनलाइन मिळेल का, आणि निळ्या रंगात येतं का. भांड्याच्या दुकानात मिळतं, मी म्हणाले. त्यांना ते फारच साधं वाटलं असावं, कारण नंतर कळलं की त्यांनी नातवाला पाणी ओतलं की आवाज काढणारा एक प्लास्टिकचा झरा घेतला. त्याला बॅटरी लागते.

पंधरा जूनला मी मुद्दाम सांगलीत थांबले. आई आदल्या आठवड्यात गावी गेली होती. सकाळी भावजय मिरजेला निघाली, हेल्मेट हातात, पर्स खांद्याला. वाटेत तिने पोराला प्लेग्रुपच्या दारात सोडलं, मी बरोबर होते. आत सतरंजी होती, तेच लहान भांडं होतं. पोर चपला काढून थेट तिकडे गेलं आणि पेल्याच्या काठाला बोट लावून ओतायला बसलं.

भावजय दारात उभी राहिली. ते वळून बघेल, रडेल, पदर धरेल, या तयारीने ती आली होती. पिशवीत तिने एक चॉकलेटही आणलं होतं, निरोपाचं. पोराने मान वर केली नाही.

"बघितलंसुद्धा नाही हो त्याने," ती म्हणाली. आवाज जरा रुसलेला होता.

"मग जा की," मी म्हणाले. "उशीर होईल."

ती गाडीवर बसली, हेल्मेट घातलं, पुन्हा काढलं, एकदा आत डोकावली. आत पाणी ओतणं चाललं होतं. मग ती लॅबला गेली.